गोल्फचा ‘पोरखेळ’ झाला म्हणे!

गोल्फ खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक तक्रार वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येते. शब्द बदलतात, मुद्दे तेच. शेकडो वर्षं नियम एकच होते, ते 2019 साली मोडून खेळ सोपा केला. हँडिकॅप (कमी कसलेल्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) 54 पर्यंत नेऊन स्पर्धेचा विचका केला. नव्या क्लबांनी (खेळायच्या काठ्यांनी) आणि चेंडूंनी कौशल्य संपवलं. आणि एवढं करूनही हा खेळ पाणी ढोसणारा, मूठभर श्रीमंत पुरुषांचाच राहिला. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, एक अर्धामुर्धा. बाकीचे जरा हलवले की गळून पडतात.

‘नियम शेकडो वर्षं तेच होते’

कधीच नव्हते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर 1764 पर्यंत एका फेरीत 22 होल खेळत. 18 त्यानंतर आले. होलचा सव्वाचार इंच व्यास 1891 मध्ये ठरला. 14 क्लबांची मर्यादा अमेरिकेत 1938 ची, ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षीची. ब्रिटिश चेंडू 1.62 इंचाचा आणि अमेरिकन 1.68 इंचाचा, असे दोन चेंडू कित्येक दशकं नांदत होते. लहान चेंडू कायमचा बाद झाला तो 1990 मध्ये.

आणि स्टायमी? मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या सामन्यात, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या चेंडूच्या आणि होलच्या मध्ये आला, तर तो उचलायला लावता येत नसे. दोन्ही चेंडूंत सहा इंचांहून जास्त अंतर असलं की अडलात. वरून उडवा, नाहीतर बाजूने वळवा. 1952 च्या संयुक्त नियमावलीने ही भानगड संपवली. खुद्द दिग्गज खेळाडू बॉबी जोन्स स्टायमीच्या बाजूचे होते. आज जुन्या गोल्फसाठी गळा काढणाऱ्यांपैकी स्टायमी परत आणा म्हणणारा एकही सापडत नाही.

‘2019 च्या नियमांनी खेळ सोपा केला’

त्या वर्षी 34 नियमांचे 24 झाले. पण काय सोपं झालं ते एकेक करून बघायला हवं. फटका? तो होता तेवढाच अवघड आहे. गेली ती मुख्यतः फटक्याशी संबंध नसलेली शिक्षा.

2016 चं गोल्फचं यूएस ओपन आठवा. ओकमाँट कोर्सच्या पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सनचा चेंडू केसभर हलला. त्याने लगेच अधिकाऱ्याला सांगितलं, तिथे दंड झाला नाही. मग बाराव्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) त्याला कळवलं, की फेरी संपल्यावर पुन्हा पाहू. म्हणजे देशाच्या अजिंक्यपदाचे शेवटचे सात होल तो आणि त्याच्या मागचे सगळे आपला नेमका स्कोअर माहीत नसताना खेळले. शेवटी एक फटका वाढवला. तो तीन फटक्यांनी जिंकला म्हणून निभावलं. आता ग्रीनवर चुकून चेंडू हलला तर दंड नाही, चेंडू होता तिथे ठेवायचा. याने पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवणारा फटका, सोपा झाला का?

त्याच्या पुढच्याच वर्षी लेक्सी थॉम्पसनचं प्रकरण झालं. शनिवारी तिने खूण करून उचललेला चेंडू किंचित चुकीच्या जागी ठेवला, टीव्हीवर पाहणाऱ्या कुणी तरी रविवारी ईमेल पाठवला आणि आघाडीवर असताना तिला चार फटके दंड झाला. दोन चुकीच्या जागेबद्दल, दोन चुकीच्या स्कोअरकार्डवर सही केल्याबद्दल. दंड होणार हेच तिला सही करताना माहीत नव्हतं. प्लेऑफमध्ये ती हरली. 2018 पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं.

ध्वजदंडाचंही तसंच. पूर्वी ग्रीनवरून मारलेला पट होलमधल्या, कुणी न धरलेल्या दांड्याला लागला की दोन फटके दंड. त्यामुळे चौघांच्या गटात कोणी तरी दांडा काढणार, आडवा ठेवणार, लांबच्याला होल दिसत नाही म्हणून पुन्हा जाऊन धरणार. आता दांडा आत राहू द्या. एक गोष्ट मात्र अजूनही चुकते: चेंडू दांडा आणि कड यांच्यात अडकला की लोक दांडा खसकन उपसतात आणि चेंडू बाहेर येतो. त्याची गरजच नाही. चेंडूचा थोडासा भाग जरी पृष्ठभागाच्या खाली, होलच्या आत असेल तरी तो होलमध्ये गेला असंच धरतात.

सगळ्यात जास्त टिंगल झाली ती गुडघ्यातून ड्रॉप करण्याची, म्हणजे चेंडू हलवायची मुभा मिळाली की तो गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडण्याची. दिसायला ते विचित्र आहेच, मान्य. पण 1984 पूर्वी होलकडे तोंड करून चेंडू खांद्यावरून मागे टाकत असत, ते काय देखणं होतं? खांद्याच्या उंचीवरून चेंडू टणकतो, लांब पळतो, पुन्हा ड्रॉप, मग ठेवाठेवी. गुडघ्यातून तो बहुधा पडला तिथेच बसतो. चेंडू कार्टच्या सिमेंटच्या रस्त्यावर थांबलाय असं समजा, म्हणजे तिथून हलवायची सूट बिनदंड आहे. क्रम असा:

1. चेंडू लगेच उचलू नका. आधी सर्वांत जवळचा असा बिंदू शोधा, जिथे चेंडू, पाय आणि स्विंग या तिन्हींना रस्ता आडवा येत नाही आणि जो होलच्या जवळ जात नाही. ‘जवळचा’ म्हणजे जवळचा, सोयीचा नव्हे. तो झुडपात निघाला तर रस्त्यावरूनच खेळणं परवडेल. पण चेंडू आधीच उचलला असेल तर परत जागेवर ठेवण्याचा एक फटका भरावा लागतो. ही चूक रोज होते.
2. त्या बिंदूवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचा. पटर (पट मारायचा क्लब) सोडून पिशवीतला सर्वांत लांब क्लब, म्हणजे बहुधा ड्रायव्हर, घेऊन एक लांबी मोजा.
3. सरळ उभे राहा आणि उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. वाकून घोट्याजवळून नाही, गिरकी देऊन नाही. जमिनीला लागण्याआधी तो बुटाला किंवा क्लबला लागता कामा नये.
4. चेंडू मोजलेल्या जागेतच थांबला पाहिजे. बाहेर गेला तर दुसऱ्यांदा ड्रॉप. पुन्हा गेला तर दुसऱ्या खेपेला जिथे प्रथम टेकला तिथे हाताने ठेवा.

चुकीचा ड्रॉप फटका मारण्याआधी लक्षात आला तर दंड नाही, पुन्हा बरोबर करा. फटका मारून बसलात की भरा. 2019 मध्येच मेक्सिकोतल्या स्पर्धेत रिकी फाउलरने सवयीने खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडला, खेळला आणि एक फटका गमावला. सोपं केलं म्हणतात, ते हेच!

हरवलेला चेंडू शोधायला पाचाऐवजी तीन मिनिटं मिळतात. हा बदल तर खेळाडूच्या विरोधातच जातो, आणि तरी चांगला आहे, कारण मागचे तीन गट टीवर ताटकळत नाहीत. क्लबच्या रोजच्या खेळासाठी आणखी एक स्थानिक नियम ठेवता येतो: चेंडू हरवला किंवा ओबी (हद्दीबाहेर) गेला तर टीवर परत न जाता फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या हिरवळीच्या) कडेला दोन फटक्यांच्या दंडाने ड्रॉप. ही खैरात नव्हे. परत जाऊन टीवरून मारलेला फटका तिसरा आणि फेअरवेवरून पुढचा चौथा. इथेही फेअरवेवरून तुम्ही चौथाच मारता. आकडा तोच राहतो, दोनशे यार्डांची उलटी पायपीट वाचते. व्यावसायिक स्पर्धांत हा नियम लावत नाहीत, तेही योग्यच.

‘54 हँडिकॅप म्हणजे स्पर्धेचा विचका’

हा मुद्दा मांडणाऱ्या बहुतेकांनी जागतिक हँडिकॅप पद्धतीचं गणित एकदाही स्वतः केलेलं नसतं. 2020 पासून जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र आल्या. प्रत्येक फेरीच्या स्कोअरचा कोर्सच्या अवघडपणाप्रमाणे हिशोब करतात; शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वोत्तम 8 हिशोबांची सरासरी म्हणजे तुमचा इंडेक्स. तो कोर्सप्रमाणे बदलून घ्यायचा: इंडेक्स गुणिले स्लोप रेटिंग भागिले 113, अधिक कोर्स रेटिंग वजा पार. स्लोप म्हणजे साधारण खेळाडूला तो कोर्स तुलनेने किती जड जातो, कोर्स रेटिंग म्हणजे कसलेल्या खेळाडूचा तिथला अपेक्षित स्कोअर, पार म्हणजे ठरवून दिलेले फटके.

18.4 इंडेक्सचा खेळाडू घ्या. स्लोप 128, कोर्स रेटिंग 71.2, पार 72 असेल तर 20.84 वजा 0.8, म्हणजे 20 फटके. तोच माणूस स्लोप 105, रेटिंग 68.5, पार 70 अशा सोप्या कोर्सवर गेला तर 17.10 वजा 1.5, म्हणजे 16. घरच्या सपाट कोर्सवर कमावलेला हँडिकॅप घेऊन अवघड कोर्सवर मार खायचा, किंवा उलट लूट करायची, हे पूर्वी सर्रास चालायचं. ती चार फटक्यांची दरी आता कागदावर दिसते.

एखाद्या होलवर दहा-बारा मारून आकडा मुद्दाम फुगवण्याचाही फारसा उपयोग उरला नाही. हँडिकॅपसाठी त्या होलचा स्कोअर ‘नेट डबल बोगी’वर थांबतो: पार अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारे फटके. पार 4 वर एक फटका मिळत असेल तर दहा मारा की बारा, नोंद 7 ची. शिवाय वर्षभरातल्या स्वतःच्या नीचांकी इंडेक्सपेक्षा 3 ने वर गेलात की पुढची वाढ निम्म्याने होते आणि 5 वर ती अडते. आणि एखाद्या फेरीचा हिशोब इंडेक्सपेक्षा 7 ने चांगला आला तर इंडेक्स आणखी 1 ने खाली येतो, 10 ने आला तर 2 ने. पद्धत फसते ती एकाच ठिकाणी: लोक मोजकीच कार्डं भरतात. कुणी फक्त चांगली भरून मिरवतो, कुणी फक्त वाईट भरून बक्षिसं नेतो. तो दोष क्लबच्या समितीचा, 54 या आकड्याचा नाही.

54 म्हणजे होलमागे तीन फटके. ज्याला चार महिन्यांपूर्वी ग्रिप धरता येत नव्हती, त्याला आता कार्ड भरून बायकोशी, सासऱ्याशी किंवा दहा हँडिकॅपच्या मित्राशी खरी मॅच खेळता येते. यात कुणाचं काय बिघडलं, ते तक्रारीत कुठेच लिहिलेलं नसतं.

‘उपकरणांनी कौशल्य संपवलं’

हा तो बराचसा खरा मुद्दा, पण फक्त अंतरापुरता. अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या पीजीए टूरवर 1980 मध्ये सरासरी ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) सुमारे 257 यार्ड होता, आता तो 300 च्या आसपास आहे. टायटॅनियमचे 460 घनसेंटिमीटरचे ड्रायव्हर आणि 2000 च्या ऑक्टोबरपासून टूरवर आलेला प्रो व्ही1 सारखा, आत दोरा न गुंडाळलेला बहुस्तरीय चेंडू यांचा त्यात मोठा हात. परिणाम कोर्सवर दिसतो: अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल कोर्स घ्या, तो 2001 मध्ये 6,985 यार्ड होता, 2024 मध्ये 7,555. लांबी वाढली की जमीन, पाणी आणि चालणं तिन्ही वाढतं. म्हणूनच चेंडूची चाचणी 120 ऐवजी ताशी 125 मैलांच्या स्विंगवर घेऊन तिथे 317 यार्डांची मर्यादा ठेवायचा निर्णय 2023 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला. तो आधीच घ्यायला हवा होता, असं आमचं मत आहे.

पण अंतर सोडून बाकीच्या बाबतीत तक्रार टिकत नाही. जुन्या, बलाटा नावाच्या मऊ आवरणाच्या चेंडूला आयर्नची (धातूच्या पातळ पात्याच्या क्लबची) कड लागली की त्याला चीर पडायची आणि तो फेकावा लागायचा. ते टळलं, यात कौशल्य कुठे संपलं?

आणि रडारवर चालणाऱ्या लाँच मॉनिटरने, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्राने, तर शिकवण्याची एक मोठी चूक उघडी पाडली. वर्षानुवर्षं सांगत, की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि क्लबफेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) दिशेला वळतो. म्हणून झाडाभोवती ड्रॉ (उजवीकडून डावीकडे वळणारा फटका) मारायचा तर पाय आणि स्विंग उजवीकडे, फेस थेट लक्ष्याकडे. तसं करून चेंडू खाडकन झाडावर आदळायचा आणि शिक्षक म्हणायचे, स्विंग चुकला. मोजमापात दिसलं, की चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो: ड्रायव्हरने सुमारे 85 टक्के, आयर्नने 75 च्या आसपास. झाड समोर आणि फेसही समोर, म्हणजे चेंडू झाडातच जाणार. उजव्या हाताच्या खेळाडूने फेस झाडाच्या उजवीकडे ठेवायचा आणि स्विंग त्याहूनही उजवीकडे. हे एवढंच कळायला एक शतक लागलं.

‘पाणी ढोसणारा श्रीमंत पुरुषांचा खेळ’

पाण्याचा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रात एप्रिल-मे मध्ये तो कुणीही घेईल. पण उपाय खेळातूनच निघाले आहेत. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर 2 या कोर्सच्या 2010-11 च्या पुनर्रचनेत सुमारे 35 एकर हिरवळ काढून तिथे वाळू आणि रानगवत येऊ दिलं, पाण्याची तोंडं 1,150 वरून 450 वर आणली. त्याच कोर्सवर 2014 मध्ये पुरुष आणि महिला अशी दोन्ही यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली. कडेने पिवळा पडलेला फेअरवे म्हणजे निगा नाही, ही समजूत आपल्याकडच्या सभासदांनी सोडायला हवी.

भेदभावाचा इतिहास लाजिरवाणा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या पीजीए या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या घटनेत ‘फक्त गोरे’ हे कलम 1961 पर्यंत होतं. ऑगस्टाने पहिल्या महिला सभासद 2012 मध्ये घेतल्या, सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने 2014 मध्ये तसं मतदान केलं. स्कॉटलंडमधल्या मुईरफील्डच्या क्लबने 2016 मध्ये नकार दिला, ब्रिटिश ओपन भरवणाऱ्या कोर्सांच्या यादीतून नाव गेल्यावर 2017 मध्ये होकार दिला, आणि 2022 मध्ये तिथेच महिलांची ओपन झाली. भारतात इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक, अली शेर, 1991 मध्ये जिंकला तो दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून वाढलेला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदकापासून एका फटक्यावर. मुंबई-पुण्यात सभासदत्व सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे आणि पैसे भरून कुणालाही खेळता येईल असे कोर्स फारच थोडे आहेत, हे मात्र तसंच आहे. तक्रार करायची तर इथे जागा आहे.

नियमांवरच राग काढायचा असेल तर त्यालाही एक जागा शिल्लक आहे. फेअरवेच्या मधोमध मारलेला सुंदर ड्राइव्ह दुसऱ्याच्या फटक्याने उकरलेल्या खड्ड्यात, म्हणजे डिव्हटमध्ये, जाऊन बसला, तर आजही सूट नाही. आहे तसा खेळायचा. चेंडू नेहमीपेक्षा एक चेंडूभर मागे घ्या, हात पुढे, वजन डाव्या पायावर, क्लब चेंडूवर तिरका खाली उतरू द्या. तो खालून निघेल आणि पडल्यावर जास्त पळेल, म्हणून ग्रीनच्या अलीकडेच टाका.