‘मुलांच्या विम्याला पैसा नाही’ हे खरं नाही

अमेरिकेत ‘चिप’ या मुलांच्या आरोग्य विमा योजनेचा निधी संपत आला की ठरलेला मजकूर फिरू लागतो: ही योजना खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांना फुकट विमा देते, खासगी विमा मोडीत काढते, आजारी पोरासाठी इमर्जन्सी रूम आहेच आणि सरकारकडे एवढा पैसा नाही.

आधी सुखी घरांचं बघू. २००७ साली अध्यक्ष बुश यांनी चिपच्या विस्ताराचं विधेयक नाकारलं, तेव्हा ‘वर्षाला ८३ हजार डॉलर कमावणाऱ्यांनाही विमा’ हे वाक्य गाजलं. तो आकडा होता न्यूयॉर्क राज्याच्या प्रस्तावातला, आणि तो प्रस्ताव बुश सरकारने आधीच फेटाळला होता. विधेयकामुळे तो आपोआप मंजूर होणार नव्हता. मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मिळण्याइतकं गरीब नाही, पण खासगी विम्याचा हप्ताही झेपत नाही, अशा घरांसाठी चिप आहे. बऱ्याच राज्यांत त्यांच्याकडूनही उत्पन्नाप्रमाणे थोडे पैसे घेतात.

खासगी विम्याचा मुद्दा मात्र निराधार नाही. चिपमध्ये १०० मुलं आली की खासगी विम्यातली २५ ते ५० कमी होतात, असा संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा २००७ चा अंदाज होता. तो मान्य केला तरी निदान निम्मी मुलं अशी उरतात, ज्यांना एरवी कुठलाच विमा नसता.

इमर्जन्सी रूमचं म्हणणं मला सर्वांत जास्त खटकतं. खुद्द बुश यांनी २००७ मध्ये क्लीव्हलँडला ते बोलून दाखवलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेरीलँडमध्ये १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दातापायी गेला. घरच्यांचं मेडिकेड मधेच बंद पडलं होतं. डोकं दुखतंय म्हणून त्याला इमर्जन्सीत नेलं, औषधं देऊन घरी पाठवलं. संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. मग शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे तो रुग्णालयात राहिला, पण वाचला नाही. दात वेळेवर काढायला ८० डॉलर लागले असते. उपचारांचा खर्च अडीच लाखांच्या घरात गेला. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीला रुग्णाची तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. पण दात काढणं, दम्याचा पंप, लस ही तिची कामं नव्हेत, आणि बिल घरी येतंच.

आता पैसा. ३० सप्टेंबर २०१७ ला चिपच्या निधीची मुदत संपली. कोलोरॅडोने पालकांना सावधगिरीची पत्रं धाडली, अलाबामाने नवी नोंदणी थांबवण्याची तयारी केली. सिनेटर टेड केनेडींच्या बरोबरीने १९९७ मध्ये ही योजना उभी करणारे सिनेटर ऑरिन हॅच तेव्हा म्हणाले की आता पैसाच उरलेला नाही. (चिप आपण मार्गी लावूच, असंही ते म्हणाले होते, हे सांगायला हवं.) पण हे बोलताना सिनेटपुढे करकपातीचं विधेयक होतं, दहा वर्षांत तुटीत जवळपास दीड लाख कोटी डॉलरची भर घालणारं! ते डिसेंबरात मंजूरही झालं. चिप जानेवारीपर्यंत लटकली.

त्याच जानेवारीत अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडला: चिप दहा वर्षं वाढवली तर सरकारचे सुमारे ६०० कोटी डॉलर वाचतील. कारण चिप नसेल तर यातल्या बऱ्याच मुलांच्या खासगी विम्याला सरकारलाच अनुदान द्यावं लागतं, आणि ते महाग पडतं. सध्याच्या निधीची मुदत सप्टेंबर २०२९ पर्यंत आहे. तेव्हा कुणी ‘परवडत नाही’ म्हणालं, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.