घाटातला हीटर

पुण्यात पारा 12 च्या खाली गेला की दोन गोष्टी होतात. आमच्या अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, कानटोपी माळ्यावरून खाली येते आणि नवऱ्याला महाबळेश्वरची आठवण येते. थंडी वाजते म्हणून आणखी थंडीच्या गावाला जायचं, यामागचं शास्त्र मला लग्नाला 17 वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

"निघायच्या आधी गाडी एकदा दाखवून घे ना," मी म्हटलं.

"तिला काय धाड भरलीय?"

तिला म्हणजे 14 वर्षांच्या गाडीला. मी विषय सोडला. पुढे तो दिवसभर मी एकटीच बोलत होते, पण ते मनातल्या मनात.

सहाला निघायचं ठरलं होतं, त्यामुळे पावणेआठला आम्ही कात्रजच्या बोगद्यात होतो. सासूबाईंच्या पायाशी धपाट्यांचा डबा, मांडीवर औषधांची पिशवी. सगळे स्वेटर-मफलरमध्ये. खेड शिवापूरला चहा झाला, शिरवळ गेलं आणि खंबाटकीच्या चढाला टेंपरेचरचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकला.

"सेन्सर गेला असेल," नवरा म्हणाला. पुरुषांच्या मते गाडीत बिघडण्यासारखी वस्तू एकच. बिघाड दाखवणारी.

घाट संपला, काटा खाली आला, नवऱ्याचा आवाज वर गेला. "बघ! म्हटलं नव्हतं?" सुरूर फाट्याला वळलो, वाई मागे पडली. पुढे पसरणीचा घाट आणि नाताळची सुट्टी. अर्धं पुणे आमच्या पुढे आणि उरलेलं मागे. पहिला गिअर, ब्रेक, पहिला गिअर, ब्रेक. काटा थेट लाल पट्ट्यात.

आणि मग नवऱ्यानं हीटर फुल केला.

मला वाटलं, हा आता हातचा गेला. पण मागून अण्णांनी मान डोलावली. ते 33 वर्षं फिजिक्स शिकवत होते, आणि निवृत्त झाले असले तरी शिकवणं थांबलेलं नाही. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता आत फेकतो. थोडक्यात, इंजिनाचा ताप घरातल्यांनी वाटून घ्यायचा.

"काचा तरी खाली करा!" चिरंजीव ओरडले.

"नको रे, कानाला वारं लागतं," सासूबाई.

काचा बंदच राहिल्या. अण्णांचा मफलर सुटला, मग स्वेटर, मग शर्टाची वरची तीन बटणं. चिरंजीव बनियनवर आले. सासूबाईंनी औषधांच्या पिशवीनं वारा घालायला सुरुवात केली, पण शाल काही सोडली नाही. शेजारच्या गाडीतली लहान मुलगी, फरची टोपी घालून, आमच्याकडे टक लावून बघत होती. थंड हवेचं ठिकाण हाकेच्या अंतरावर आणि आमच्याकडे वैशाख वणवा.

इतकं करूनही एका वळणावर बॉनेटखालून वाफ आलीच. गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं की आपल्याकडे कुठल्याही निर्जन जागी चार पुरुष उगवतात. एकानं रेडिएटरच्या झाकणाला हात घालताच अण्णा गरजले, "खबरदार! दाबाखाली पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलंत तर तोंडावर येईल!" चौघेही मागच्या बाकावरच्या मुलांसारखे गप्प. तेवढ्यात एका वानरानं धपाट्यांचा डबा पळवला. सासूबाईंना गाडीपेक्षा त्याचंच दुःख झालं, कारण डबा स्टीलचा होता.

तासाभरानं इंजिन निवलं. पाणी घातलं आणि दबकत उतरून वाईच्या एका गॅरेजात गेलो. मेस्त्रीनं पाइप सोडवून पेढ्याएवढी पितळी चकती काढली, मधे स्प्रिंग. थर्मोस्टॅट. इंजिन तापलं की ही झडप उघडायची आणि पाणी रेडिएटरकडे सोडायचं. पठ्ठ्यानं ती शेजारच्या टपरीवरच्या उकळत्या पाण्यात सोडली. आम्ही पाचही जण पातेल्याभोवती, जणू पहिल्या नातवाचे मोदक उकडताहेत. पाणी खळाखळा उकळलं तरी झडप जेमतेम चिरेएवढी किलकिली झाली.

"चिकटलाय," मेस्त्री म्हणाला. "नवीन परवा मिळंल. तवर काढून टाकतो. ह्यो थंड मुलखातल्या गाड्यांचा लाड असतो ताई. आपल्याकडं काय बर्फ पडतंय व्हय?"

गाडी पसरणी हसतहसत चढली. काटा तळाशी झोपलेला. पाचगणीच्या पुढे अंधार पडला, बोचरी थंडी सुरू झाली, शाली बाहेर आल्या. नवऱ्यानं ऐटीत हीटर लावला.

गार वारा आला.

"झडपच नाही, पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतंय," अण्णा मफलरच्या आतून म्हणाले. "इंजिन तापणारच नाही. इंजिन गार तर हीटर गार." घाटात आम्हाला शिजवणाऱ्या त्याच झरोक्यांतून आता आमचे पाय गोठत होते. सासूबाईंनी झरोक्यात रुमाल कोंबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे वेण्णा लेकवर गेलो. गवतावर पांढरी साय धरली होती. परत गाडीपाशी आलो तर टपावरही दव गोठलेलं. अण्णांनी कानटोपी सावरली, नखानं चमचाभर खरवडून तळहातावर घेतलं, चष्मा वर करून नीट पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाले,

"मेस्त्रीचा नंबर घेतलायस ना? फोटो पाठव."