‘मुलं वाचत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी शाळेचं कपाट उघडून बघावं

15 ऑक्टोबर जवळ आला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. डॉ. कलामांच्या जयंतीला 2015 पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन होतो, त्यामुळे त्या आठवड्यात गावच्या, नातेवाइकांच्या, शिक्षकांच्या सगळ्या ग्रुपवर तो येतो. मजकूर थोडक्यात असा: मोबाईलमुळे आजची मुलं वाचत नाहीत. पहिली ते चौथीच्या मुलांना धड वाचता येत नाही, मग त्यांना ग्रंथालय कशाला? दिलेली पुस्तकं ती फाडतात, हरवतात. वाचलीच तर चित्रांची पोरकट पुस्तकं वाचतात. आणि बक्षीस लावल्याशिवाय पुस्तकाला हात लावत नाहीत. म्हणून प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयावरचा खर्च वाया जातो.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते आणि शाळेचं ग्रंथालयही सांभाळते. हा मेसेज वाचून माना डोलावणारेच उद्या शाळा व्यवस्थापन समितीत बसतात आणि पुस्तकांचा विषय निघाला की तेच बोलतात. म्हणून गप्प बसवत नाही.

खर्चाचं आधी सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असतील. म्हणजे तो मुलांचा हक्क झाला. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेसाठी वर्षाला 5000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पातळ, सचित्र पुस्तक 50-60 रुपयांना धरलं तर त्यात 80 ते 100 पुस्तकं बसतात. एका गावाच्या मुलांसाठी हा खर्च कुणाला जास्त वाटत असेल, तर गावातल्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्सला किती पैसे जातात ते त्यांनी विचारावं.

मोबाईलचा मुद्दा. मोबाईल नव्हता तेव्हा तरी खेड्यातली मुलं कुठे वाचत होती? मी ज्या शाळेत शिकले, तिथलं पुस्तकांचं लोखंडी कपाट चौथी होईपर्यंत मी एकदाच उघडलेलं पाहिलं, तेही तपासणीला साहेब आले होते म्हणून. पुस्तकं एका ओळीत, कोरी करकरीत. साहेब गेले, कुलूप लागलं. मोबाईल मुलाचा घरचा वेळ खातो हे खरंच आहे, पण शाळेत असतं तेवढा वेळ त्याच्या हातात मोबाईल नसतो. तो वेळ आपला आहे. त्या वेळात त्याच्या हाताला पुस्तक लागत नसेल, तर दोष मोबाईलचा कसा?

‘आधी वाचायला तर येऊ दे’ हा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण तो चांगल्या माणसांनाही पटतो. अडचण खोटी नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे 27 टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पण यावरून ‘पुस्तकं नकोत’ असं कसं ठरतं? पोहता येईपर्यंत विहिरीत उतरायचं नाही, असंच झालं ना हे?

पहिलीच्या कुठल्याही वर्गात जा. दिवाळीपर्यंत पाठ्यपुस्तकातली कविता मुलांना तोंडपाठ असते. बोट ओळीवरून फिरत असतं, आवाज खणखणीत असतो. त्या ओळीवर आपला हात ठेवून बघा, मूल न अडखळता पुढे म्हणत राहतं. त्याला आपण वाचन समजतो आणि प्रगतिपत्रकात तसं लिहूनही टाकतो. मुलाला खरंच वाचता येतं का, हे त्याने कधी न पाहिलेलं पुस्तक हातात दिल्यावरच कळतं, आणि वाचता येऊ लागतं तेही तिथेच. जोडाक्षरं फळ्यावर दहा वेळा गिरवली तरी ‘चक्क’ हा शब्द गोष्टीत, कोल्ह्याच्या तोंडी आला की तो पक्का बसतो. पुढे काय झालं हे कळण्याची घाई असते, म्हणून मूल त्या अक्षराशी झुंजतं.

आमच्याकडे दुसरीत एक मुलगा होता. आमच्या नोंदीत तो ‘अक्षर स्तरावर’, म्हणजे अक्षरं ओळखतो पण शब्द वाचत नाही. त्याने ट्रॅक्टरचं एक पुस्तक इतक्यांदा नेलं, की देवघेव वहीत त्याच्या नावापुढे पानभर तोच दाखलअंक, म्हणजे त्याच पुस्तकाचा नोंदणी क्रमांक आहे. एकदा मधल्या सुट्टीआधी मी ते वर्गाला वाचून दाखवत होते. घंटा व्हायला आली म्हणून एक ओळ गाळून पान उलटलं. त्याने उठून पान परत मागे केलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, हे ऱ्हायलं.” मग ती ओळ त्याने मला वाचून दाखवली, अर्धी अंदाजाने, अर्धी अक्षरं लावून. ‘आधी वाचायला येऊ दे’ म्हणत मी ते पुस्तक कपाटात ठेवलं असतं, तर?

आता फाडाफाडी. होय, फाटतात. सहा वर्षांच्या मुलाने वीस वेळा नेलेलं पुस्तक फाटणारच. कपाटं बंद राहण्याचं खरं कारण इथेच आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला ते माहीत नाही. शाळेतली प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीत असते. बदली झाली की चार्ज देताना ती मोजून द्यावी लागते. कमी भरली तर आपल्या पगारातून जाईल ही भीती शिक्षकाच्या मनात असते, मग तो कुलूप लावतो. मी त्याला आळशी म्हणणार नाही. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं आणि त्याची मला आजही बोचणी आहे. त्या दोन वर्षांतली चौथीची मुलं शाळेतलं एकही पुस्तक घरी न नेता बाहेर पडली.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच, ‘पुस्तकं वापरासाठी असतात.’ तो समजावताना ते युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांबद्दल सांगतात, जिथे पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. आपल्या शाळांतली साखळी म्हणजे ते कुलूप. झिजून फाटलेल्या पुस्तकाचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे साठा नोंदवहीतून ते कमी करता येतं. केंद्रप्रमुखांनी आणि वरच्या साहेबांनी हे शिक्षकांना तोंडाने सांगावं आणि तपासणीला आल्यावर पुस्तकं किती आहेत यापेक्षा देवघेव वहीतली शेवटची तारीख विचारावी. निम्मी भीती तिथेच जाईल.

शिवाय फाटलेलं जोडता येतं. शनिवारी आमच्याकडे पुस्तकांचा दवाखाना असतो. मैद्याची खळ मुलं स्वतः ढवळतात. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, आम्ही घालत नाही, कारण ते विषारी असतं आणि बोटं तोंडात जातात. म्हणून लागेल तेवढीच ताजी करतो. फाटल्या जागी पातळ कागदाची पट्टी, वर जुना पेपर, त्यावर दोन विटा, सोमवारपर्यंत. सेलोटेप लावायचा नाही, तो पिवळा पडून पान कुरतडतो. गंजलेल्या पिना काढून मधोमध दोऱ्याचे तीन टाके घालायचे. आपल्या हाताने शिवलेलं पुस्तक मुलं वेगळ्याच काळजीने धरतात. हरवलेल्यांचं म्हणाल, तर ती बहुतेक घरीच असतात. लहान भावंडाच्या उशाखाली सापडलेलं पुस्तक मी हरवलं असं धरत नाही.

‘पोरकट पुस्तकां’बद्दल एवढंच, की देणगीत आलेल्या आमच्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांत बारीक टायपातली थोरांची चरित्रं होती. सातवीच्या मुलाला जड जातील अशी. ती दुसरीच्या मुलापुढे ठेवायची आणि त्याने तोंड फिरवलं की ‘वाचनाची आवड नाही’ म्हणायचं, हा अन्याय आहे. पानावर मोठं चित्र आणि खाली दोन ओळी, हीच त्याची पायरी. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर तर गोष्टी फुकट वाचता, छापता येतात, अगदी आपल्या बोलीत अनुवाद करून वापरता येतात. तांड्यावरून येणारी आमची चौथीतली एक मुलगी पहिलीच्या मुलांना गोष्ट गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत सांगते, मग तीच मी मराठीत वाचते. त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून बसणारी मुलंही पुढे सरकतात.

राहिलं बक्षीस. 1973 साली अमेरिकेत एका बालवाडीत तीन संशोधकांनी चित्र काढण्याची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ‘जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला कंपास’ अशी स्पर्धा मीही लावली होती. मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधून नेत आणि दुसऱ्या दिवशी तशीच परत आणत. स्पर्धा बंद केली.

त्याऐवजी दोनच गोष्टी केल्या. वर्गात भिंतीला सुतळी बांधून तिच्यावर पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी लटकवली, मुलांच्या हाताच्या उंचीवर. आणि रोज परिपाठानंतर दहा मिनिटं मी मोठ्याने वाचते, काहीही झालं तरी. गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारत नाही, तात्पर्यही नाही. पुस्तक सुतळीवर परत अडकवते आणि मधल्या सुट्टीत ते तिथे नसतं.