माणूस गेलाय, सभा नाही ही!

आमच्या पेठेतले किराणा दुकानदार अण्णा परवा पहाटे गेले. अकराला अंत्ययात्रा निघेल असं सगळ्यांना कळवलं होतं. मे महिना, नगर जिल्ह्यातलं ऊन, आणि दीड वाजून गेला तरी मयत दारातच. का? तर "साहेब निघालेत, पोचतच आहेत." बर्फाच्या लाद्या वितळून पाणी ओट्यावरून गटारीत चाललं होतं आणि दर दहा मिनिटांनी एकेक कार्यकर्ता कानाला फोन लावून "थांबा, थांबा" करत होता. मयत घरातून हलल्याशिवाय चूल पेटत नाही. आत काकू सकाळपासून उपाशी बसलेल्या, त्यांना शुगर आहे. पण हे त्या कार्यकर्त्यांना सांगणार कोण? दोन्ही मुलं रडून थकलेली. त्यांना याच गावात दुकान चालवायचंय, ती काय बोलणार!

साहेबांचा आणि अण्णांचा संबंध एवढाच, की त्यांची माणसं निवडणुकीला आणि गणपतीला वर्गणीची पावती फाडायला दुकानात यायची.

शेवटी साहेब आले, हार घातला, फोटो झाले. तिरडी उचलताना दुकानाचा जुना हमाल पुढे आला. या माणसाने सगळं आयुष्य अण्णांच्या दुकानातली पोती वाहिली. त्याला खांदा द्यायचा होता. एका पदाधिकाऱ्याने त्याला दंडाला धरून मागे सारलं, कारण समोर मोबाईलवर शूटिंग चालू होतं. मी डोळ्यांनी बघितलं. तो काही बोलला नाही, शेवटपर्यंत मागून चालत आला. माझ्या अंगाची अजून लाही होतेय.

स्मशानात तर कहर. सरण रचून तयार, थोरला मुलगा ओल्या अंगाने उभा, आणि इकडे स्पीकर आणलेला! अमुक पतसंस्थेच्या वतीने, तमुक प्रतिष्ठानच्या वतीने, या मंडळाच्या, त्या आघाडीच्या वतीने भावपूर्ण श्रद्धांजली. प्रत्येकाला तेच बोलायचं, कधीही न भरून येणारी पोकळी. साहेबांनी अण्णांना "कापड व्यापारी" म्हटलं. कापड व्यापारी! ज्या माणसाच्या दुकानासमोरून गेलं तरी हिंग, गूळ आणि खोबऱ्याचा वास यायचा, त्याला! मागून कुणीतरी चूक सांगितली, तरी भाषण थांबलं नाही. पुढे त्यात पाण्याचं आवर्तन आलं, रस्त्याचा निधी आला, विरोधकांना टोमणेही आले. सरणापुढे!

अरे, कोण होता हा माणूस ते तरी विचारायचं कुणाला. 1972 च्या दुष्काळात अण्णा नुकते वडिलांच्या हाताखाली तागडी धरायला लागले होते. लोक खडी फोडायला जायचे, रेशनला तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, आणि मीठमिरची या दुकानातून उधार जायची. पुढे सुगी आली तेव्हा ज्याने त्याने जमेल तसं फेडलं, हे आमच्या आजीने मला सांगितलंय. 2016 च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, बँकेपुढे रांगा लागल्या, तेव्हा याच दुकानात महिनाभर नुसतं वहीवर वाणसामान मिळालं.

आणि मयताचं सामान. गावातले सगळे ते अण्णांकडूनच न्यायचे. पांढरं कापड, गाडगं, सुतळी, बुक्का, गुलाल. रात्री दोनला शटर वाजवलं तरी अण्णा खाली यायचे, काही न विचारता पिशवी भरून द्यायचे. वरच्या रिळातली सुतळी ओढून पुडी बांधायचे, दातांनी तोडायचे. गरिबाचं मयत असलं तर पैसे घ्यायचे नाहीत आणि त्याची वाच्यताही करायचे नाहीत. माझे वडील गेले तेव्हा पहाटे चारला त्यांनीच आम्हाला सगळं काढून दिलं आणि म्हणाले, "उन्हाच्या आत उरका, म्हातारी माणसं आहेत घरात." एवढं ज्याला कळत होतं, त्याचंच मयत तुम्ही भर उन्हात ताटकळत ठेवलंत!

2020 मध्ये लॉकडाऊन होता, अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी. तेव्हा गेलेल्यांना कुठे पोकळीची भाषणं मिळाली? घरच्यांनी अग्नी दिला, हात जोडले, घरी आले. भाषण नसल्यामुळे त्यांच्या विधीत काही उणं राहिलं नाही.

चिता विझली नव्हती तोवर चौकात विजेच्या खांबाला फ्लेक्स लागला. अण्णांचा फोटो वर कोपऱ्यात, खाली शोकाकुल म्हणून पंचवीस चेहरे. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाने 2017 मध्येच कडक आदेश दिलेत, नगरपालिकेला ते चांगले माहीत आहेत. त्या पंचवीसांतल्या काहींची नावं अण्णांच्या उधारीच्या वहीत आहेत, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. गरिबांनी फेडलं, यांनी नाही फेडलं.

आता दशक्रियेला घाटावर मंडप आणि स्पीकर सांगून झालाय म्हणे, साहेबांची वेळही घेतलीय. पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची तेव्हासुद्धा यांना माइक हवाय! मी थोरल्याशी बोललोय, पेठेतल्या दहा-बारा दुकानदारांशीही बोललोय. दहाव्याला स्पीकर लागणार नाही. कुणी आणलाच तर त्याची वायर मी स्वतः काढीन, मग माझ्यावर कोण रागावतंय ते बघू. ज्यांना श्रद्धांजली वाहायची आहे त्यांनी त्याआधी दुकानात जावं, वही उघडायला सांगावी आणि आपल्या नावापुढची रक्कम रोख भरून यावी.