तुम्ही खोटं बोललात ते मलाही कळलं नसतं

नमस्कार,

वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेआधी होणाऱ्या मानसिक तपासणीवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे आधीच सांगते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुडघा बदलून घ्यायला निघालेल्या माणसाला ‘लहानपण कसं गेलं’ असं कुणी विचारत नाही, मग वजनासाठी पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेआधीच मानसिक तपासणी कशाला? जाड माणूस म्हणजे डोक्यानंही अधू, असं गृहीत धरलंय का? तुम्ही त्या मुलाखतीत रात्रीच्या खाण्याबद्दल धडधडीत खोटं बोललात, ‘पास’ झालात आणि आज तीन वर्षांनी ठणठणीत आहात. आता धाकट्या बहिणीची पाळी आहे, आणि तिलाही तुम्ही हाच सल्ला दिलाय.

तुमचं खोटं मी पकडलं असतं का? बहुधा नाही. तासाभराच्या गप्पा आणि दोन-चार प्रश्नावल्या, एवढ्यावर माणूस ओळखतो म्हणणारं कुणी आमच्या व्यवसायात भेटलं तर लांब राहा. ज्याला शस्त्रक्रियेची तारीख हवी आहे तो ‘उदास वाटतं का?’ या प्रश्नावर काय खूण करणार, हे सांगायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही.

शिवाय पुरावाही बराचसा तुमच्या बाजूनं आहे. २०१६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा विकार होता. मात्र या आजारांमुळे नंतर वजन कमी उतरतं, असा सुसंगत पुरावा आढावा घेणाऱ्यांना सापडला नाही. म्हणजे ‘नैराश्य आहे, तुमचं वजन उतरणार नाही’ असं सांगून कुणाला परत पाठवलं जात असेल तर त्याला आधार नाही. माझ्या लेखात ‘कोण पात्र, कोण अपात्र’ असा मथळा होता. तो चुकीचा होता, आजच बदलते.

गुडघ्याची तुलना मात्र मला पटत नाही, आणि त्याचा जाडीशी संबंध नाही. गुडघा बदलल्यावर दारू वेगळी चढत नाही. जठराच्या बायपासनंतर (पोट लहान करून अन्न थेट आतड्यात वळवणारी वजनाची शस्त्रक्रिया, हृदयाची नव्हे) चढते: ती झरकन आतड्यात उतरते, रक्तातलं प्रमाण एकदम वर जातं, पूर्वीच्याच पेल्यात माणूस जास्त झिंगतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१२) दारूच्या विकाराचं प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी ते जवळपास तेवढंच राहिलं आणि दुसऱ्या वर्षी ९.६ वर गेलं. गोळ्यांचंही तसंच. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या नव्या रचनेत नीट शोषल्या जातीलच असं नाही. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, जे सुरुवातीच्या आठवड्यांत सहज होतं, तर औषधाची पातळी विषारी होऊ शकते. ही माहिती सर्जनकडे आधी पोचायला हवी. ती काढून घेणं हे त्या तासाचं खरं काम. ‘लहानपण’ विचारण्यात अर्धा वेळ गेला असेल तर तुमची चीड रास्त आहे.

आणि सगळ्यात नकोसा मुद्दा. शस्त्रक्रियेनं आयुष्य वाढतं. २००७ सालच्या एका अभ्यासात एकूण मृत्यूंचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसलं. त्याच अभ्यासात अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त होते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या आकडेवारीतही, स्वतःला इजा केल्यामुळे तातडीनं रुग्णालयात येण्याचं प्रमाण नंतरच्या तीन वर्षांत सुमारे दीडपट झालं, आणि यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. का, याचं एक उत्तर नाही. पहिल्या वर्षी काटा रोज खाली येतो, सगळे कौतुक करतात. मग काटा थांबतो, कौतुकही थांबतं, आणि वजनावर ढकललेले जुने प्रश्न जागच्या जागी असतात.

त्यामुळे माझी तक्रार तुमच्याहून वेगळी आहे. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत मानसोपचाराची बाजूही असावी म्हटलं. पुढे कित्येक ठिकाणी तिचा एक शिक्का होऊन बसला. आधी एक तास, नंतर काहीच नाही. मला तो तास दुसऱ्या वर्षी मिळाला तर मी आधीचा आनंदानं सोडून देईन. (सोडून देईन म्हणजे अर्धा. गोळ्यांची यादी मला आधीच हवी.)

बहिणीला भीती आहे ती नकाराची. कायमचा नकार फार थोड्यांना मिळतो. व्यसन चालू असेल, भास होत असतील, नुकताच जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल तर तारीख पुढे जाते. रात्रीच्या खाण्यासाठी सहसा तीही जात नाही. तरीही तिनं खोटंच बोलायचं ठरवलं, तर निदान दारू, चालू गोळ्या आणि मरणाचे विचार या तीन बाबतींत खोटं बोलू नये.

राहिलं रात्रीचं खाणं. लहान झालेलं पोट ताटभर जेवण अडवतं, पण आइस्क्रीम किंवा तासन्‌तास चिमूट-चिमूट खाणं अडवत नाही. तुम्ही वजनाचं लिहिलंत, रक्तदाबाचं लिहिलंत, कपड्यांच्या मापाचंही लिहिलंत. रात्री आता काय होतं, ते लिहिलं नाहीत. इथे नको असेल तर मला वेगळं कळवा.