‘पाणीसुद्धा दिले नाही’: एका संदेशाला उत्तर

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. हैदराबादहून उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, येणाऱ्या विमानात एका प्रवाशाने उतरण्याच्या सुमारास पाणी मागितले, समोर पट्टा बांधून बसलेल्या हवाई सुंदरीने जागेवरूनच हाताने ‘थांबा’ अशी खूण केली, आणि एवढ्यावरून लेखकाने तीन निष्कर्ष काढले आहेत: ही मंडळी म्हणजे हवेतले वाढपी, सुरक्षितता वैमानिक आणि यंत्रे पाहतात, आणि सुरुवातीच्या सूचना हे निव्वळ नाटक. तांबडा-पांढरा वाढणारा आमच्या खानावळीतला पोऱ्याही याहून आपुलकीने विचारतो, अशी फोडणीही त्याला दिली आहे.

वाढप हेच मुख्य काम असते, तर ते करणाऱ्यांची संख्या सरकारने ठरवून दिली नसती. आपल्याकडे 10 ते 50 आसनांच्या विमानात किमान एक आणि 51 ते 99 आसनांच्या विमानात किमान दोन केबिन कर्मचारी सक्तीचे आहेत. पुढे आसनांबरोबर ही संख्या वाढते. विमानात जेवण मिळते की नुसते पाणी, याचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. आग विझवणे, प्रथमोपचार करणे आणि आणीबाणीत दार उघडणे यांचे प्रशिक्षण व परीक्षा त्यांना ठरावीक काळाने पुन्हा द्याव्या लागतात. ‘हवाई सुंदरी’ या शब्दानेच आपला निम्मा गोंधळ केला आहे, असे मला वाटते.

आता पाण्याकडे येऊ, कारण संदेशाचा खरा राग तिथे आहे. उड्डाणानंतरची पहिली 3 आणि उतरण्याआधीची शेवटची 8 मिनिटे विमान प्रवासात सर्वाधिक जोखमीची मानली जातात. त्या वेळी केबिन कर्मचारी पाठ टेकून, पट्टे आवळून, हात मांड्यांखाली घेऊन बसलेली असते. विमान धावपट्टीवरून घसरले किंवा जोरात आदळले तर हातपाय इकडेतिकडे फेकले जाऊन मोडू नयेत, म्हणून ही बैठक. आता काही घडले तर आपले दार कोणते, बाहेर आधी काय पाहायचे, कोणता शब्द ओरडायचा, याची उजळणी ती मनात करत असते. कोल्हापूरला येणाऱ्या सत्तर-एक आसनांच्या एटीआर विमानात अशा दोघीच असतील, तर पेला घेऊन उठलेली एक त्याच क्षणी पडून जखमी झाल्यावर निम्मे मनुष्यबळ गेले. म्हणजे ती बसून राहिली, तेव्हाही ती त्याच प्रवाशाचे काम करत होती.

सूचना म्हणजे नाटक, हे विधान मात्र धोकादायक आहे. प्रवासी विमानाच्या नव्या प्रकाराला मान्यता देताना निम्मीच दारे वापरून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. ध्वनिक्षेपक बंद पडला, आठपैकी तीनच दारे वापरता आली. कर्मचाऱ्यांनी मेगाफोन आणि आरडाओरड्यावर सगळे निभावले आणि त्या विमानातले सर्व 379 जण बाहेर पडले. दुसऱ्या विमानातल्या पाच जणांचा मात्र मृत्यू झाला. कोणते दार उघडायचे नाही हा निर्णय तिथे कोणत्याही यंत्राने घेतला नव्हता. याउलट ऑगस्ट 2016 मध्ये तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले विमान धावपट्टीवर पेटले, तेव्हा धूर भरलेल्या केबिनमध्ये आपलेच लोक डोक्यावरच्या कप्प्यांतून बॅगा काढत असल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली. त्यातले 300 जण वाचले, आग विझवणारा एक जवान गेला. सूचनांना नाटक समजणारा प्रवासी असा बॅगेसाठी वाट अडवतो.

संदेशात एक गोष्ट खरी आहे: जाहिरातींत हसरे चेहरे आणि ट्रे विकणाऱ्या कंपन्यांनीच हा समज वाढवला आहे. तासाभराच्या उड्डाणात सँडविच विकायचे, कचरा गोळा करायचा आणि पट्टेही तपासायचे, ही ओढाताण त्यांनीच लादली आहे. उद्धट बोलणाऱ्या कर्मचाऱ्याची तक्रारही जरूर करावी. पण या प्रसंगात उद्धटपणा कुठे होता? विमान थांबताच तिने पाण्याची बाटली आणून दिली, असे त्याच संदेशाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले आहे.