‘पार्लरवाल्या बायकांनी केमिस्ट्री शिकवू नये’ म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काढून टाक, असं दोघी-तिघींनी मला कळवलं. मी काढणार नाही. शिवीगाळ नाही, जाहिरात नाही, मग काढायची कशाला? राहू दे तिथंच. फक्त उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

ज्यांनी मूळ भांडण वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केस रंगवताना, ब्लीच करताना ते शाबूत कसे ठेवायचे यावर मी मागं एक लेख लिहिला होता. त्यावर सरांचं म्हणणं असं: केस हा मृत भाग, त्याची कसली निगा आणि कसलं पोषण. ब्लीचच्या आधी खोबरेल लावा हा ‘आजीबाईचा बटवा’, त्यात विज्ञान नाही. एकूण लेख म्हणजे ‘भंपकपणा’. पेरॉक्साइडचं ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे किती टक्के ते लिहिलेलं नाही. ॲलर्जीच्या चाचणीला लेखात एकच ओळ. त्यांच्या पुतणीनं हा लेख वाचून घरी ब्लीच केलं आणि तिच्या पुढच्या बटा तुटल्या. आणि सगळ्यात शेवटी, मुद्दाम वेगळी ओळ पाडून: ‘पार्लरवाल्या बायकांनी केमिस्ट्री शिकवू नये.’

खाली सही ‘केमिस्ट्रीचा एक विद्यार्थी’. विद्यार्थी म्हणवून घेताय, पण सूर हेडमास्तरांचा आहे, म्हणून मी सरच म्हणते.

टक्केवारीचं तुमचं म्हणणं मान्य. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. लेखात ही भर आजच घातली. बरोबर असेल तिथं मी ऐकते, हे नोंदवून ठेवा. आणि आकडा व्हॉल्यूममध्ये का सांगतात तेही सांगून टाकते: एक मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन सुटतो, म्हणून ते २० व्हॉल्यूम. हे मला कुठल्या प्रयोगशाळेत कळलं नाही. इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत ज्या ताईंकडं मी पार्लरचं काम शिकले त्यांनी सांगितलं. त्याही पार्लरवाल्याच.

आता त्या शेवटच्या ओळीकडं येते, कारण खरं सांगायचं तर मला तीच लागली.

आमची केमिस्ट्री वहीत नसते हे खरं. ती हाताला असते. माझ्या उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी कितीतरी वर्षं सोलत होती. सुरुवातीला हातमोजे न घालता रंग कालवायचो आम्ही सगळ्याच, कुणी सांगितलंच नव्हतं. ब्लीचची पावडर म्हणजे पर्सल्फेट. डब्याचं झाकण उघडून चमचा घातला की पांढरी धूळ उडते आणि ती छातीत जाते. त्या धुळीनं पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. मी ते आधी शेजारच्या खुर्चीवर पाहिलं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीनं खोकल्यापायी हे काम सोडलं आणि शाहूपुरीत कापडाच्या दुकानात नोकरी धरली. तेव्हापासून माझ्याकडं पावडर कालवताना खिडकी उघडी असते, श्रावणातला पाऊस आत आला तरी. तुम्हाला पर्सल्फेटचं सूत्र येत असेल, सर. वास येतो का?

रोज कुणीतरी विचारतं, ‘ताई, अमोनिया नसलेला रंग लावा, तो केसांना काही करत नाही ना?’ मी सांगते, बाई गं, अमोनियाच्या जागी त्यात बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमाइन असतं. त्याला तसा उग्र वास नाही एवढंच. अमोनिया उडून तरी जातो, हे उडत नाही. केसांवरचे खवले उघडायचे तर अल्कली काहीतरी लागणारच. हे मी काऊंटरवर उभी राहून, एका हातात ब्रश धरून शिकवते. शिकवू नको म्हणता, तर मग गिऱ्हाइकाला काय सांगू? ‘लावून घे आणि गप बस’?

एक प्रसंग सांगते. एका कॉलेजच्या मुलीला बहिणीच्या लग्नाआधी राखाडी केस करून हवे होते. आपल्याकडचे काळेभोर केस. ते आधी लालसर होतात, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फिकट पिवळ्यापर्यंत पोचल्यावर कुठं त्यावर राखाडी बसतो. मी विचारलं, आधी काय लावलंयस? म्हणाली, काही नाही, फक्त मेहंदी. कुठली? काळी, पाकिटातली. आता खरी मेहंदी काळी नसते. पानातलं रंगद्रव्य, लॉसोन, तांबूसच रंगवतं. काळा रंग आला म्हणजे पाकिटात दुसरं काहीतरी आहे: पीपीडी हे केसांच्या रंगातलं रसायन असेल, धातूचे क्षार असतील.

मी तिच्या कंगव्यातले केस घेतले, दोऱ्यानं बांधले आणि प्लॅस्टिकच्या वाटीत थोड्या ब्लीचमध्ये बुडवले. बाकीच्या बायका बघत होत्या. आधी काही झालं नाही. मग कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले, आणि वाटीच्या बुडाला बोट लावलं तर ती कोमट. मग चांगलीच गरम. धातूचा अंश असला की पेरॉक्साइड भराभर फुटतं आणि ती उष्णता केसात आणि टाळूवर उतरते. मी त्या मुलीचं बोट धरून वाटीला लावलं आणि म्हटलं, हे तुझ्या डोक्यावर होणार. चालेल? तिला काही चाललं नाही, पण पटलंही नाही. ती दुसरीकडं गेली. कुठं ते मी सांगणार नाही. लग्न झाल्यावर परत आली, तेव्हा ओल्या केसातली एक बट बोटात धरून मी ओढली. ती रबरासारखी लांबत गेली, मागं आलीच नाही आणि तुटली. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनमधले सल्फरचे बंध ऑक्सिडीकरणानं तुटले की असंच होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रडत होती, आणि मी केमिस्ट्रीच बोलत होते, सर. तुमची परवानगी न घेता.

माझ्या लेखाचं सार एवढंच होतं. ब्लीचनं झालेली हानी भरून येत नाही. किती होऊ द्यायची ते मात्र आपल्या हातात असतं. टाळूजवळ ६ टक्क्यांच्या वर जायचं नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या पुढं एक मिनिट ठेवायचं नाही. एकदा ब्लीच झालेल्या केसावर परत ब्लीच चढू द्यायचं नाही, कारण बहुतेक केस तिथंच तुटतात. आणि आधी काय लावलंय ते लपवायचं नाही. यात ‘भंपकपणा’ कुठं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नुसता शब्द फेकलाय.

खोबरेलाचं. तुम्ही ‘आजीबाईचा बटवा’ म्हणालात. माझी आजी शिवाजी पेठेत राहायची, दर रविवारी आम्हा सगळ्या बहिणींना ओळीनं बसवून तेल घालायची आणि तिचे स्वतःचे केस म्हातारपणीही कमरेपर्यंत होते. हा पुरावा नव्हे, मला कळतं. पण २००३ साली रेले आणि मोहिले यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो तरी पुरावा धराल? त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल तिन्ही केसांना लावून पाहिली. धुण्याच्या आधी लावा किंवा नंतर, चांगले केस असोत की खराब झालेले, प्रथिनं झिजून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलानं. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि लहान असते, त्यामुळं ते तेल केसाच्या आत शिरतं. मिनरल ऑइल वरच चमकत बसतं. आणि हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेतला आहे, हे तुम्ही शोधून तोंडावर मारायच्या आत मीच सांगते.

खोबरेल ब्लीचला अडवतं असं मी कुठंही लिहिलेलं नाही. परत वाचा. पाण्यानं केस फुगतो, सुकताना आकसतो, आणि ब्लीच केलेला केस तर स्पंजासारखा पाणी पितो, कारण वरचा स्निग्ध थर अल्कलीनं आणि पेरॉक्साइडनं निघून गेलेला असतो. असा केस बराच वेळ ओलाच राहतो, हे ज्यांनी ब्लीच केलंय त्यांना विचारा. आत शिरलेलं तेल हे फुगणं थोडं आवरतं. थोडंच. मी शब्द ‘थोडं’ हाच वापरला होता. तुम्ही तो गाळला आणि मग मला खोडून काढलंत. हे कुठल्या केमिस्ट्रीत बसतं?

मृत केसांच्या आक्षेपावर मी फार वेळ घालवणार नाही. कोल्हापुरी चप्पलही मेलेल्या चामड्याचीच असते. म्हणून तुम्ही ती पावसात भिजवून चुलीपुढं वाळवता का?

ॲलर्जीच्या चाचणीची ओळ एकच आहे, पण ठळक अक्षरात आहे. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावायचा, ४८ तास थांबायचं, खाज-सूज आली तर तो डबा परत उघडायचा नाही. पीपीडी असलेल्या रंगाच्या पाकिटावर हा इशारा कायद्यानंच छापलेला असतो. भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, डोळे जातील, हेही छापलेलं असतं. लोक पाकीट न वाचता फाडतात त्याला मी काय करू? ओळ एक असो की दहा, वाचणारा वाचतो.

राहिली पुतणी. तिच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण तुम्ही स्वतःला केमिस्ट्रीचा विद्यार्थी म्हणवता आणि प्रयोगाची एकही अट सांगत नाही? किती टक्के पेरॉक्साइड, किती वेळ, आधी काय लावलं होतं, वर्षभरापूर्वी पार्लरमध्ये स्ट्रेटनिंग केलं होतं का, काहीच नाही. केस बोअरच्या पाण्यानं धुतात का तेही नाही. उपनगरांत नळाला पाणी नसलं की बोअरचंच चालतं, आणि पाण्यातले तांब्या-लोखंडाचे अंश केसात बसलेले असले की पेरॉक्साइड तिथं जास्त नासधूस करतं. ‘लेख वाचला आणि केस तुटले’ एवढ्यावर निकाल? लेखात मेहंदीवर ब्लीच नको, स्ट्रेटनिंगवर नको, आधी एका बटेवर करून बघा, हे तिन्ही आहे. तिनं तुम्हाला लेखाचा कुठला भाग दाखवला हे तुम्ही तिलाच विचारा, आणि उत्तर आलं नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आम्ही पण त्या वयात होतो.

असो. चूक कुणाची का असेना, तिच्यासाठी लिहिते. तुटलेल्या बटा पुढून कापून एकसारख्या कराव्यात. लांबी वाचवायला बघू नये, केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, येतील. रंग पिवळा राहिलाय म्हणून परत ब्लीच अजिबात नको. जांभळ्या टोनरनं पिवळेपणा दबतो, तेवढ्यावर भागवावं. स्ट्रेटनर उचलून कपाटात ठेवावा. केस टॉवेलनं खसाखसा न पुसता जुन्या सुती ओढणीत गुंडाळावेत. ओले असताना विंचरायचेच झाले तर कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर. आणि रंगपंचमीला डोकं बांधून बाहेर पडावं. जोतिबाच्या यात्रेत गुलालाखाली जायचं असेल तरी तेच. उघड्या पडलेल्या केसात रंग असा शिरतो की धुवून धुवून हात दुखतात, गुलाबी काही जात नाही. दर वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडं अशा दोन-चार पोरी डोक्याला ओढण्या गुंडाळून येतात.

तिला एकदा माझ्याकडं पाठवा. ओल्या बटेची ताकद बघून किती कापायचं ते सांगते, पैसे घेणार नाही. तुम्हीही सोबत आलात तरी चालेल, पण लेडीज पार्लर आहे, पुरुषांना आत यायची परवानगी नाही. दाराबाहेर बाक ठेवलाय, तिथं बसावं लागेल. खिडकी उघडीच असते, मी तिला काय शिकवते ते ऐकू येईल.